गोळी मेंदूत जाऊन नेमकं करते काय?

मागच्या अंकात डिप्रेशनच्या गोळ्यांबद्दल ओझरतं लिहिलं होतं, त्यावर भरपूर प्रश्न आले. बहुतेकांची तक्रार एकच, की डॉक्टर ‘मेंदूतल्या केमिकलचा प्रॉब्लेम आहे’ म्हणतात आणि चिठ्ठी लिहून देतात, पण ते केमिकल कसलं, असतं कुठं, गोळी त्याचं काय करते, हे कोणी बसून सांगत नाही. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. मी औषधशास्त्र शिकवते, गोळ्या लिहून देणं माझं काम नाही, त्यामुळे कुणाचा डोस वाढवायचा, कुणाची गोळी बदलायची हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं. पण जी गोळी आपण रोज गिळतो ती आत जाऊन काय करते हे कळायलाच पाहिजे, त्यात काही अवघड नाही.

धाकट्या भावाला डिप्रेशनची गोळी सुरू केलीय. डॉक्टर म्हणाले सेरोटोनिन कमी पडतंय. आई म्हणते मग रक्त तपासून बघूया किती कमी आहे ते, आणि वडील म्हणतात मन कुठं केमिकलवर चालतंय व्हय. खरं काय हो ताई?
– एक वाचक, राजारामपुरी

आधी वडिलांचा मुद्दा घेते, कारण तो हसण्यावारी न्यायचा नाही, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठमोठे शास्त्रज्ञ यावरच भांडत होते. मेंदूत साधारण 8,600 कोटी चेतापेशी आहेत आणि एकेकीचे फाटे हजारो दुसऱ्या पेशींपर्यंत गेलेले असतात. इटलीचे कॅमिलो गॉल्जी म्हणायचे हे सगळं एकसलग जाळं आहे, स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल म्हणायचे नाही, प्रत्येक पेशी सुटी आहे, ती शेजारच्या पेशीच्या अगदी जवळ येते आणि थांबते. 1906 चं नोबेल दोघांना मिळून दिलं, तर गॉल्जींनी तिथल्या भाषणातसुद्धा काहालचं म्हणणं खोडायचा प्रयत्न केला. पण बरोबर निघाले काहाल. दोन पेशींच्या मध्ये खरंच फट असते, साधारण 20 नॅनोमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीचे चार हजार भाग केले तर त्यातला एक. या सांध्याला सिनॅप्स म्हणतात, आणि मनावरच्या बहुतेक गोळ्यांचं काम या एवढ्याशा जागेच्या आसपासच चालतं.

मग फट आहे तर निरोप पलीकडं जातो कसा? पेशीच्या आत निरोप विजेच्या रूपात पळतो हे माहीत होतं, त्यामुळे बरेच जण म्हणायचे की फटीतून ठिणगीच उडत असणार. 1921 साली ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात ऑटो लोवी यांनी जो प्रयोग केला तो इतका साधा आहे की वर्गात सांगताना मला अजूनही भारी वाटतं. बेडकाची दोन हृदयं घेतली, दोन्ही मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवलेली. एकाला व्हेगस नावाची नस जोडलेली होती, दुसऱ्याची नस काढून टाकलेली. पहिल्याची नस विजेनं डिवचली तर त्याची धडधड मंदावली, हे अपेक्षितच होतं. मग त्यांनी पहिल्या हृदयाजवळचं पाणी काढून दुसऱ्यावर घातलं, आणि ज्याला नसच नव्हती ते हृदयसुद्धा मंदावलं! म्हणजे नसेतून पाण्यात काहीतरी उतरलं होतं, ते पाण्यासोबत उचलून नेता येत होतं, आणि वीज काही अशी भांड्यातून ओतता येत नाही. ते होतं ॲसिटिलकोलीन. या कामाबद्दल 1936 साली लोवी आणि हेन्री डेल यांना नोबेल मिळालं. पुढं 1938 मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर याच लोवींना अटक झाली आणि देश सोडायच्या आधी नोबेलचे पैसे नाझींच्या ताब्यातल्या बँकेत वळते करायला लावले. ही गोष्ट पुस्तकात खालच्या टीपेत असते, मला ती वर असावीशी वाटते.

मेंदूतही असंच चालतं, फक्त रसायनं पुष्कळ. काही ठिकाणी पेशींची थेट विजेची जोडणीही असते, पण बहुतेक सगळा कारभार रसायनांवर. पेशीच्या टोकाला अगदी बारीक पिशव्या असतात, एकेकीत रसायनाचे काही हजार रेणू, आणि गळीत हंगामात कारखान्याच्या गेटवर उसानं भरलेल्या गाड्या नंबर लावून उभ्या असतात तशा त्या कडेला भरून थांबलेल्या असतात. विजेचा निरोप टोकाला पोचला की तिथली सूक्ष्म दारं उघडतात, बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं, कॅल्शियम आलं की पिशव्या कडेला चिकटून उघडतात आणि आतलं रसायन फटीत सांडतं. पलीकडच्या पेशीवर त्या-त्या रसायनासाठीचे रिसेप्टर असतात, रसायन त्यांच्यावर जाऊन बसलं की ती पेशी एकतर चेतते नाहीतर शांत होते. हे सगळं एखाद्या मिलिसेकंदात. आणि लगेच फट साफ व्हावी लागते, नाहीतर पुढचा निरोप वेगळा कळणारच नाही, त्यासाठी काही रसायनं तिथलं एन्झाइम तोडून टाकतं आणि काही रसायनं ती सोडणारी पेशीच परत आत ओढून घेते. या परत ओढण्याला रीअपटेक म्हणतात, ते शोधून काढलं अमेरिकेच्या ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी, त्यांना 1970 चं नोबेल मिळालं.

म्हणजे रसायन तयार होणं, पिशवीत भरणं, सांडणं, रिसेप्टरवर बसणं आणि मग तुटणं किंवा परत ओढलं जाणं. कुठलीही गोळी घ्या, तिच्याबद्दल पहिला प्रश्न हाच विचारायचा की ही यातल्या कुठल्या टप्प्यावर हात घालते. भावाची गोळी एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन अशांपैकी असेल तर ती सेरोटोनिन नावाचं असंच एक निरोपाचं रसायन परत ओढणारा पंप अडवते, त्यामुळे तेच सेरोटोनिन फटीत जास्त वेळ राहतं. गोळीत सेरोटोनिन नसतंच. मेंदूचीच चालू यंत्रणा आहे, तिच्या एका टप्प्याचा वेग ती बदलते.

आता आईंचा प्रश्न. शरीरातलं 90 टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात असतं, रक्तातलं असतं ते प्लेटलेटमध्ये साठवलेलं, आणि रक्तातून मेंदूत ते जाऊ शकत नाही, मध्ये पक्की भिंत आहे. त्यामुळे रक्ताच्या रिपोर्टवरून मेंदूतल्या फटीत काय चाललंय ते कळणार नाही. कोणी असल्या टेस्टचं पॅकेज गळ्यात मारायला लागलं तर पैसे वाचवा. डॉक्टर थायरॉइड, बी-12, हिमोग्लोबिन तपासायला सांगतात ते वेगळ्या कारणानं, ते जरूर करा, कारण त्यातल्या गडबडीनंही माणूस मरगळतो.

आणि ‘सेरोटोनिन कमी पडतंय’ हे वाक्य ओपीडीत दोन मिनिटांत सांगायला सोपं पडतं म्हणून रुळलंय, पण ते पूर्ण खरं नाही. 2022 साली आधीच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात डिप्रेशन म्हणजे सेरोटोनिनची कमतरता असा सुसंगत पुरावा सापडला नाही. यावरून काही लोकांनी लगेच गोळ्याच खोट्या असं पसरवलं, ते चुकीचं आहे. गोळीनं फरक पडणं ही एक गोष्ट आणि आजार त्याच रसायनाच्या तुटवड्यानं होणं ही दुसरी, पहिलीला चाचण्यांचा आधार आहे, दुसरीला नाही. तेव्हा वडिलांना सांगा, मन नुसतं केमिकलवर चालत नाही हे त्यांचं बरोबरच आहे, कर्ज, दुःख, जागरण, भांडण सगळं त्यात येतं, पण ते सगळं मेंदूत पोचतं याच सांध्यांमधून. समजुतीनं बोलणं, समुपदेशनसुद्धा. शिकण्यानं आणि अनुभवानं हे सांधेच बदलतात, हे एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीवर दाखवून दिलं, 2000 चं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यातले ते एक. म्हणून गोळी आणि बोलणं दोन्ही चालू ठेवा, एकासाठी दुसरं सोडू नका.

ढबू मिरचीवर फवारणी केली की संध्याकाळी डोस्कं जड होतंय, डोळ्यापुढं अंधुक येतंय, तोंडाला पाणी सुटतंय. दुकानदार म्हणतोय हे औषध किड्याच्या नसांवर काम करतंय. माणसाच्या नसा वेगळ्या असत्यात का?
– एक शेतकरी, शिरोळ

नाही दादा, या बाबतीत अजिबात वेगळ्या नाहीत, आणि तुम्ही जी लक्षणं लिहिलीत ती वाचून मला काळजी वाटली म्हणून हा प्रश्न सविस्तर घेते.

वर ॲसिटिलकोलीन म्हटलं ना, ते आपल्या स्नायूंना, लाळेच्या ग्रंथींना, डोळ्याच्या बाहुलीला, आतड्याला, हृदयाला सगळीकडं निरोप देतं. काम झालं की एक एन्झाइम ते क्षणात तोडून टाकतं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं त्या एन्झाइमलाच बंद पाडतात. किड्यात तेच, माणसात तेच. मग निरोप थांबतच नाही, लाळ, घाम, डोळ्यातून पाणी, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते म्हणून अंधुक दिसतं, पोटात मुरडा, उलटी, छातीत पाणी भरल्यासारखं, स्नायू आपोआप फडफडतात आणि शेवटी थकून श्वासाचे स्नायूच बंद पडतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकऱ्यांचे जीव गेले ते आठवत असेल.

तोंडाला पाणी सुटणं आणि अंधुक दिसणं म्हणजे विष अंगात गेल्याची खूण धरायची, ‘उन्हानं झालं’ म्हणून झोपायचं नाही. कपडे लगेच काढा, साबणानं अंग आणि केस धुवा, औषधाची बाटली सोबत घ्या आणि सरळ दवाखाना गाठा. तिथं ॲट्रोपिनचं इंजेक्शन देतात. ॲट्रोपिन ते ॲसिटिलकोलीन कमी करत नाही, ते जिथं जाऊन बसणार ते रिसेप्टर अडवून ठेवतं, म्हणून लाळ आणि छातीतलं पाणी कमी व्हायला लागतं. हेच ॲट्रोपिन आपल्या धोतऱ्यात असतं, पण म्हणून कुणी घरी धोतरा द्यायचा नाही, त्यानं माणूस बरळायला लागतो आणि दगावूही शकतो. आणि बरं वाटलं तरी पुन्हा फवारायला जायच्या आधी डॉक्टरांना विचारा, कारण बंद पडलेलं एन्झाइम परत भरून यायला आठवडे लागतात.

याच प्रश्नाला धरून एक सांगते. अल्झायमरच्या म्हाताऱ्या माणसांना डोनेपेझिल नावाची गोळी देतात, ती सुद्धा हेच एन्झाइम अडवते! फरक इतकाच की ती थोडं अडवते आणि सोडते, डोस मोजलेला असतो, आणि विसरभोळ्या मेंदूत ॲसिटिलकोलीन कमी झालेलं असतं म्हणून त्याला थोडा आधार मिळतो. टप्पा तोच, एकीकडं विष, एकीकडं औषध.

गोळी सुरू करून आठवडा झाला, मनाला काहीच फरक नाही, उलट मळमळच जास्त. मैत्रीण म्हणते वाईट वाटेल त्या दिवशीच घे, रोज कशाला. काय करू?
– एक वाचक, कागल

रोज घ्यायची. मैत्रिणीचा हेतू चांगला आहे पण ही डोकेदुखीची गोळी नाही.

गोळी पंप अडवते ते काही तासांतच. पण सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशीवर स्वतःचेही रिसेप्टर असतात, ते बाहेर किती सांडलंय याचा अंदाज घेतात, आणि जास्त दिसलं की पेशीला म्हणतात आता कमी सोड. म्हणजे सुरुवातीला मेंदूच गोळीच्या विरुद्ध जातो. काही आठवड्यांनी हे रिसेप्टर बोथट होतात, पेशी परत मोकळेपणी सेरोटोनिन सोडते, शिवाय पुढच्या पेशींच्या आत आणि त्यांच्या जोडण्यांमध्येही हळूहळू बदल होत जातात. उशीर होण्यामागं हे मोठं कारण मानतात. साधारण दोन ते चार आठवड्यांत फरक जाणवायला लागतो, पुरता गुण यायला सहा-आठ आठवडेही लागतात. मधूनमधून घेतली तर हा बदल कधी पुरा होतच नाही आणि साइड इफेक्ट मात्र दर वेळी नव्यानं.

मळमळ का, तर आतड्यात सेरोटोनिन किती असतं ते वर लिहिलंच आहे, तिथंही पंप अडतो. बहुतेकांची आठ-पंधरा दिवसांत कमी होते, जेवणानंतर घेऊन बघा. पण पंचविशीच्या आतल्या मुलामुलींच्या घरच्यांनी पहिले काही आठवडे जास्त लक्ष द्यायचं, कारण या वयात सुरुवातीला बेचैनी वाढून जीव द्यायचे विचार येऊ शकतात, तसं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच डॉक्टरांना सांगायचं. रात्री-बेरात्री कोणी सापडलं नाही तर 14416 हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. बरं वाटल्यावर आपल्या मनानं बंदही करू नका, एकदम सोडली की चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, हळूहळू कमी करत आणतात. आणि अंगदुखीवर ट्रामाडॉल किंवा खोकल्याचं सिरप घ्यायच्या आधी मेडिकलवाल्याला सांगा की ही गोळी चालू आहे, काही औषधं मिळून सेरोटोनिन धोक्याच्या पातळीपर्यंत वाढवतात.

आमचे आजोबा वैद्यकी करायचे. डोकं फिरलेल्याला, झोप नसलेल्याला ते सर्पगंधेची मुळी द्यायचे असं ऐकलंय. त्यात काही तथ्य आहे का?
– एक वाचक, गारगोटी

तथ्य आहे, आणि मेंदूच्या औषधांच्या इतिहासात ही मुळी फार मोठ्या जागी बसलेली आहे, हे आपल्याकडं पुरेसं सांगितलं जात नाही याचं मला वाईट वाटतं. 1931 साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा वेडावर आणि रक्तदाबावर गुणकारी असल्याचं छापून आणलं. 1949 मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्लडप्रेशरच्या पेशंटवरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिला आणि मग जगाचं लक्ष गेलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं.

रेसर्पिनचा टप्पा कुठला, तर पिशवी भरण्याचा. डोपामिन, सेरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन पिशवीत भरणारा पंपच ते बंद करतं, बाहेर राहिलेलं रसायन एन्झाइम तोडतं, पिशव्या रिकाम्या. निरोप आला तरी सांडायला काही नाही, म्हणून भडकलेला माणूस शांत व्हायचा. 1957 साली स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं, ससे कान पाडून निपचित पडले, हलेनात. मग त्यांना एल-डोपा टोचलं, ज्यापासून मेंदू डोपामिन बनवतो, आणि थोड्याच वेळात तेच ससे उठून इकडंतिकडं बघायला लागले, चालायला लागले. तोवर डोपामिनला स्वतःचं काही काम आहे असं फारसं कोणी मानत नव्हतं. पार्किन्सनच्या थरथरीवर लिव्होडोपा गोळी आली ती याच वाटेनं. आणि आपल्या सह्याद्रीतल्या खाजकुइलीच्या बियांमध्ये तेच एल-डोपा असतं.

यातून आणखी एक गोष्ट कळते. स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या डोपामिनचे रिसेप्टर अडवतात, म्हणून भास आणि संशय कमी होतात, पण हालचाल सांभाळणाऱ्या भागातही तेच रिसेप्टर अडतात, म्हणून काही पेशंटचं अंग ताठतं, हात थरथरतात. घरच्यांना वाटतं गोळीनं माणूस बिघडला आणि गोळी बंद करतात. बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा, डोस बदलतात, दुसरी गोळी देतात.

मुळी मात्र घरी उगाळून देऊ नका. किती रेसर्पिन पोटात गेलं ते कळत नाही, प्रेशर एकदम खाली येतं, आणि 1950 च्या दशकात प्रेशरसाठी ते घेणाऱ्या काहींना खोल उदासी आल्याच्या नोंदी आहेत. शिवाय उपटून उपटून जंगलातली सर्पगंधा कमी झालीय, तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आहेत.

एमपीएससीचा अभ्यास चाललाय. रात्री जागायला चहा आणि मित्रांची तंबाखूची चिमूट. हे पण केमिकलच का?
– दोन विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर

होय. दिवसभर मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं आणि झोप आणतं, चहातलं कॅफिन त्याच्या रिसेप्टरवर बसून त्याची जागा अडवतं. झोप गेलेली नसते, कळायची थांबते. अर्धं कॅफिन उतरायला पाचेक तास लागतात, त्यामुळे रात्री दहाचा चहा तीनला पण अंगात असतो. तंबाखूतलं निकोटीन ॲसिटिलकोलीनच्या रिसेप्टरवर बसतं आणि पुढं डोपामिन सोडायला लावतं, आणि रोज घेतलं की मेंदूत ते रिसेप्टरच वाढतात, मग चिमूट नसली की अभ्यास सुचेना होतो. मशेरी लावणाऱ्या घरच्या बायकांचंही हेच होतं. चहा संध्याकाळी बंद करा, चिमूट आजच.

आई बरीच वर्षं झोपेची अल्प्राझोलामची गोळी घेते, अर्धीची एक झाली, आता एकीनंही झोप लागत नाही. मी एकदम बंद करायला सांगितलं तर दोन दिवसांत हातपाय कापायला लागले. आता काय?
– एक वाचक, शिवाजी पेठ

आधी हे, की ही गोळी एकदम कधीच बंद करायची नाही, फिट येऊ शकते. आज सुरू असेल तितक्याच डोसवर ठेवा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

मेंदूत शांत करणारं मुख्य रसायन गाबा. ते रिसेप्टरवर बसलं की पेशीत क्लोराइड शिरतं आणि पेशी गप्प बसते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम त्याच रिसेप्टरच्या दुसऱ्या जागी बसून गाबाचा असर वाढवतात. महिनोन्महिने असं चाललं की मेंदू जुळवून घेतो, रिसेप्टर दाद देईनासे होतात, म्हणून अर्धीची एक होते, आणि गोळी काढली की शांत करणारं कमी आणि उठवणारं ग्लूटामेट जोरात, त्यातून थरथर, घाम, घबराट. हा आईंचा हट्ट नाही की नाटक नाही, सांध्यावर झालेला बदल आहे आणि तो उलटायला वेळ लागतो. डॉक्टर थोडं-थोडं कमी करत कित्येक आठवडे, कधी महिने घेतात, मध्ये जास्त वेळ टिकणारी गोळी देऊन तिच्यावरून उतरवतात. खासगीत परवडत नसेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा.

तोवर रात्री बाथरूमपर्यंत लाइट चालू ठेवा, या गोळीवर वयस्कर माणसं पडतात आणि खुब्याचं हाड मोडतं. घरात कोणी दारू पिणारं असेल तर त्यांच्या हातात ही गोळी पडू देऊ नका, दारूही याच गाबाच्या रिसेप्टरचा जोर वाढवते आणि दोन्ही मिळून झोपेत श्वास थांबू शकतो. डॉक्टरांकडं जाताना आईंच्या प्रेशरच्या, शुगरच्या, गुडघ्याच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, आणि किती वर्षांपासून, दिवसाला किती, ते कागदावर लिहून न्या.